कोकण किनाऱ्यावर कमी रहदारीचे सायकल मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवस ते रेडी या पट्ट्यात सायकलने फिरू पाहणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकणात फक्त सायकलींसाठी असलेला, गाड्या नसलेला लांब पल्ल्याचा मार्ग आहे का?

नाही. तसा मार्ग संपूर्ण किनाऱ्यावर कुठेही नाही. आहेत ते गावरस्ते आणि सागरी महामार्गाचे काही तुकडे, जिथे आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्या सोडून, सकाळी तासाभरात दोन-चार दुचाक्या, एखादी एसटी आणि एखादी पिकअप एवढंच भेटतं. सायकलवाल्याला तेवढी शांतता पुरते. मात्र ती आपोआप मिळत नाही. वार, वेळ आणि रस्ता तिन्ही नीट निवडावे लागतात.

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, सायकल सहलीसाठी नाहीच. तो ओलांडण्यापुरता वापरा.

२. शांत रस्ता नकाशावर ओळखायचा कसा?

खाड्या बघा. कोकणातल्या रहदारीचं सगळं गणित खाड्यांवर आहे. सह्याद्रीतून पश्चिमेकडे येणारी जवळजवळ प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते: सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. जिथे खाडीवर पूल नाही तिथे लांबच्या गाड्या येतच नाहीत. ट्रक, खाजगी बस आणि घाईतला माणूस महामार्गाने निघून जातो. किनाऱ्याच्या रस्त्यावर उरतात ती गावातली माणसं, आणि सुटीच्या दिवशी पर्यटक.

म्हणून दोन पूल नसलेल्या खाड्यांच्या मधला तुकडा हा सायकलसाठी सर्वांत चांगला. बाणकोट ते दाभोळ हा असा एक, दाभोळ ते जयगड हा दुसरा. मला विचाराल तर संपूर्ण किनाऱ्यावर या दोनांना तोड नाही.

दुसरी खूण म्हणजे रस्त्याच्या टोकाला काय आहे ते. टोकाला बंदर, कारखाना किंवा खाण असेल तर रस्ता कितीही आडबाजूचा दिसला तरी त्यावर ट्रक असणार (प्रश्न ८). टोकाला नुसतं देऊळ आणि कोळीवाडा असेल तर निश्चिंत जा.

३. फेरीबोटीत सायकल घेतात का? कुठे कुठे आहेत?

घेतात, आणि तिकीट अगदी किरकोळ असतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे या चार लक्षात ठेवा: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, धोपावे ते दाभोळ, तवसाळ ते जयगड. चारही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे, ज्याला बरेच लोक जंगलजेट्टी म्हणतात. मुंबईहून सुरुवात करायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. तीत सायकल घेऊन बसलात की शहराबाहेर पडण्याचा सगळा त्रास वाचतो.

बोटीत सायकल कठड्याला टेकवून बांधा आणि गाड्यांपासून दूर ठेवा. उतरताना फळीवर शेवाळ आणि ग्रीस असतं, म्हणून सायकल हातात धरूनच उतरा.

आता रहदारीच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट. बोट धक्क्याला लागली की दहा-पंधरा गाड्या एकदम सुटतात आणि पुढच्या अरुंद चढावर एकामागून एक हॉर्न वाजवत येतात. त्यांच्याबरोबर निघू नका. धक्क्यावरच्या टपरीवर चहा घ्या, पाणी भरा. दहा मिनिटांत त्या सगळ्या पुढे जातात. त्यानंतर पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा असतो. दाभोळहून धोपाव्याला उतरल्यावर किंवा जयगडच्या धक्क्यावर हे एकदा करून बघा, म्हणजे पटेल.

फेऱ्या दिवसभर असतात, रात्री बंद. शेवटच्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा. बोट चुकली तर रस्त्याने वळसा पन्नास किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो.

४. पहिल्यांदाच येतोय. तीन-चार दिवसांत कुठला टप्पा करावा?

खेड ते रत्नागिरी, दापोली आणि गुहागरमार्गे.

पहिल्या दिवशी खेड स्थानकावरून दापोलीला चढून पलीकडे हर्णै किंवा आंजर्ल्याला उतरा. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग दिसत असतो. दुसऱ्या दिवशी मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं किनाऱ्याच्या अंगाने दाभोळ, मग बोटीने धोपावे आणि गुहागर. गुहागर आणि चिपळूण यांमधला रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तिकडे वळू नका. तिसऱ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ आणि बोटीने जयगड. हा दिवस चढ-उताराचा आहे (प्रश्न ६), पण गाड्या सर्वांत कमी याच दिवशी लागतात. हेदवीचा दशभुजा गणपती वाटेतच आहे. चौथ्या दिवशी मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेमार्गे रत्नागिरी. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, तिथे अर्धा तास ठेवा.

शनिवार-रविवार गणपतीपुळ्यात येणार नाही असं वेळापत्रक बसवा. आरे-वारेचा समुद्रकाठचा रस्ता आडवारी सकाळी सातला आणि रविवारी दुपारी बाराला यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

परत येणाऱ्यांना पुढच्या वेळी दक्षिणेचा टप्पा सुचवतो. कणकवलीला उतरून देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण, मग परुळे, वेंगुर्ले, मोचेमाड, शिरोडा, रेडी, आणि सावंतवाडीहून परत. मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळ आसोली-सोनसुरे भागातून जाताना सुरंगीच्या फुलांचा वास रस्त्यावर येतो. त्या दिवसांत तिथे पहाटे झाडांवर चढून कळ्या काढण्याचं काम चालू असतं. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडाही याच वाटेवर आहे.

५. रेवस ते रेडी पूर्ण करायला किती दिवस लागतात? उत्तरेकडून जावं की दक्षिणेकडून?

अंतर वळशांप्रमाणे पाचशे ते साडेपाचशे किलोमीटर. धडधाकट माणसाने सामानासह दहा दिवस धरावेत, बारा असतील तर उत्तम. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर हे देशावरचं गणित इथे लावू नका.

दिशा मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा बहुतेक वायव्येकडून असतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो, उत्तरेकडे जाताना तोंडावर. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो हलका आणि आडवा, त्याचा त्रास नाही. दक्षिणेकडे जाताना हिवाळ्यातलं ऊन समोरून येतं, त्यासाठी पुढे झडप असलेली टोपी आणि गॉगल घ्या.

मालवणच्या पुढे एक अडचण आहे. तारकर्लीहून देवबागपर्यंतचा रस्ता कर्ली खाडीच्या मुखाशी संपतो. पुढे जायचं तर मागे येऊन खाडीच्या वरच्या अंगाला पूल गाठावा लागतो. विजयदुर्गाच्या खाडीलाही असाच आत शिरून वळसा आहे. दिवसाचं अंतर ठरवताना हे धरा.

६. समुद्रकिनारा म्हणजे सपाट रस्ता ना? घाट तर लागत नाहीत?

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. सह्याद्रीचा घाट लागत नाही हे खरं, पण घाट्या, म्हणजे छोटे उभे चढ, लागतात, आणि एका दिवसात पाच-सहा लागतात.

कोकणची जमीन अशी आहे: खाली पुळण म्हणजे वाळूचा किनारा, तिला लागून माडा-पोफळीची आगरं आणि वाडी, तिच्या मागे जांभ्याची खडी चढण, आणि वर मोकळा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार. गावं खाली, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता सड्यावरून. म्हणजे प्रत्येक गावातून शंभर-दीडशे मीटर वर चढायचं, सड्यावर थोडं सपाट जायचं आणि पुढच्या गावात तेवढंच खाली उतरायचं. पन्नास-साठ किलोमीटरच्या दिवसात सात-आठशे मीटर चढ सहज जमा होतो. चढ छोटे पण उभे. वळणावर पुढचं चाक उचलल्यासारखं वाटलं तर उतरून ढकला. चढावर सायकल ढकलण्यात कमीपणा काही नाही.

उतरणीला जास्त सांभाळा. घाटीच्या वळणावर सुटी खडी आणि लाल माती असते, आणि खाली वळल्या वळल्या गाव सुरू होतं: गडगे (दगडी कुंपणं), अंगणातून एकदम बाहेर येणारं पोर, रस्त्यात बसलेली गुरं.

सड्यावर दुपारी सावलीला झाड नसतं. तो भाग सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर येईल असं बघा. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे आडिवरे-कशेळीच्या वाटेवर जाणाऱ्यांना कशेळी आणि देवीहसोळ इथली सायकलवरून बघता येतात. सायकल रस्त्यावर ठेवून चालत जा. चित्रांवर पाय किंवा चाक पडू देऊ नका. जांभा दिसतो कठीण, पण झिजतो.

७. सायकल कुठली आणावी?

हलका गिअर असलेली कुठलीही चालेल. पुढचं लहान चक्र आणि मागचं मोठं चक्र यांचे दाते सारखे असले, म्हणजे ३४ ला ३४, तर सामानासह घाटी चढते. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. डिस्क ब्रेक असतील तर उतरणीला हात दुखत नाहीत.

खाऱ्या हवेने साखळी दोन दिवसांत तांबूस होते, म्हणून तेलाची बाटली आणि फडकं रोज लागतं. चांगलं सायकल दुकान तालुक्याच्या गावीच मिळेल, आणि तिथेही साध्या सायकलचे भाग असतात. गिअरचा हँगर, ब्रेक पॅड, जास्तीची ट्यूब आणि साखळीची कडी स्वतःजवळ ठेवा.

८. किनाऱ्यावरचे कुठले रस्ते टाळावेत?

अलिबाग ते रेवदंडा ते साळाव हा रस्ता आडवारीही भरलेला असतो, कारखान्याची वाहतूक आणि पर्यटक दोन्ही. तिथे आक्षी, नागाव, चौल या गावांतल्या वाड्यांमधले आतले रस्ते धरा. दिघी बंदराकडून माणगावकडे जाणारा आणि जयगडहून निवळीकडे जाणारा, हे दोन्ही बंदराच्या ट्रकचे रस्ते आहेत. जयगडला बोटीतून उतरलात की निवळीकडे न जाता मालगुंडकडे वळा. रेडीच्या आसपास खनिजाचे ट्रक लागतात.

एप्रिल-मेमध्ये देवगड आणि रत्नागिरी भागात आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप पहाटे आणि रात्री वेगात असतात. माल वेळेत पोचवायचा असतो, त्यांना वाट द्या.

९. कधी यावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरचा उकाडा मे महिन्याइतकाच थकवतो.

त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा काळ पूर्ण वगळा. गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि शिमग्याचे दिवस चाकरमानी गावी येतात, तेव्हा आतले रस्तेही भरतात. मालवणजवळ आंगणेवाडीची भराडीदेवीची यात्रा असते त्या दोन-तीन दिवसांत मसुरे-मालवण भाग टाळा. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. यात्रेला म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण सायकल लांब ठेवून.

१०. पावसाळ्यात आलं तर?

जून आणि जुलैमध्ये नको. या दिवसांत पाऊस थांबत नाही, घाट्यांवर दरडी येतात, पऱ्ये (ओहोळ) रस्त्यावरून वाहतात आणि जांभ्यावर शेवाळ धरतं. खाडीतल्या बोटी बहुधा चालू असतात, पण वादळाचा इशारा आला की बंद. वाहत्या पाण्याने झाकलेल्या मोरीवर सायकल घालू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी नाही.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर वेगळा. सडे हिरवे होऊन त्यावर तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. गणपतीचे दिवस सोडून तीन दिवसांची छोटी सहल करायला हा काळ छान आहे.

११. रेल्वेने किंवा एसटीने सायकल नेता येते का?

रेल्वेने दोन प्रकारे. एक, पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेक व्हॅनमधून. त्यासाठी गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी पोचावं लागतं, आणि जिथे गाडी जास्त वेळ थांबते अशाच स्थानकावर सायकल चढते-उतरते. खेडसारख्या ठिकाणी उतरवून घेतात का, ते नोंदणीच्या वेळीच विचारा. दोन, चाकं काढून पिशवीत भरून डब्यात सोबत. होळी-गणपती सोडून इतर दिवशी हा मार्ग सोपा पडतो.

एसटीत सगळं वाहकाच्या मर्जीवर आणि गर्दीवर आहे. टपावर सामान घेणाऱ्या गाड्या आता कमी झाल्या आहेत. खाजगी बसच्या डिकीत मात्र सायकल आडवी मावते. गिअरची बाजू वर ठेवा.

१२. जेवण आणि मुक्कामाचं काय?

मुक्काम मिळतो, जेवणाचं आधी सांगावं लागतं. आडवारी लहान गावातली खानावळ उघडी असली तरी जेवण तयार नसतं. घरच्या बाईने चार माणसांचं केलेलं असतं. सकाळी निघतानाच फोन करून ‘दुपारी एकला दोघं येतो, शाकाहारी’ एवढं सांगितलंत तर गरम भात, आमटी, सोलकढी मिळेल. न सांगता दोनला पोचलात तर बिस्किटं मिळतील. सकाळी लवकर निघणाऱ्यांना घावणे नाहीतर पोहे कुठेही करून देतात.

बऱ्याच देवस्थानांची भक्तनिवासं आहेत. तंबू लावायचा असेल तर देवळाजवळ गुरवाला विचारून लावा. आंब्याच्या बागेत नको. ती कोणाची तरी वर्षाची कमाई असते आणि हंगामात रात्री राखणदार असतो.

१३. पुळणीवरून सायकल चालवता येते का?

ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूवरून येते. गुहागर, मुरूड-कर्दे, भाट्ये इथे मैलभर सलग जाता येतं. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि पाणी सर्वांत जास्त मागे हटतं सकाळी-संध्याकाळी सहाला. सकाळच्या फेरीसाठी तेच दिवस उत्तम.

खाडीच्या मुखाशी ओल्या वाळूत शिरू नका, पाय रुततो. आणि वेळास, आंजर्ले यांसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर हिवाळा ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रात्री अजिबात जाऊ नका. ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला वर येतात, उजेडाने परत फिरतात. पुळणीवरून आलात की त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा.

१४. मोबाईलचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

दोन ठिकाणी ठेवू नका. नकाशा पाखाडीलाही रस्ता समजतो, आणि पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. सामानासह सायकल त्यावरून उतरवणं जिकिरीचं. दुसरं म्हणजे ‘तर’, म्हणजे होडीने खाडी ओलांडायची सोय. काही लहान खाड्यांवर नकाशात ठिपक्यांची रेघ असते, प्रत्यक्षात तिथे एक होडी असते आणि होडीवाला जेवायला घरी गेलेला असतो, किंवा तर कधीच बंद झालेली असते. फाट्यावरच्या दुकानात ‘तर चालू आसा काय?’ एवढं विचारलंत की खरी माहिती मिळते.

माणसांना अंतर विचारू नका, घाट्या किती ते विचारा. त्याचं उत्तर अचूक येतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. खाडीकाठच्या खोलगट गावांत रेंज जाते, सड्यावर आलं की परत येते.

१५. मुलांना किंवा वयस्कर आईबाबांना सोबत आणायचं आहे. सपाट काही आहे का?

आहे, पण एका जागी राहून. दिवेआगर, केळशी, गुहागर ही गावं पुळणीला समांतर लांब पसरलेली आहेत. वाडीतल्या रस्त्यांवर माडांची सावली असते आणि पाच-सहा किलोमीटर सपाट फिरता येतं. दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल, शेखाडीवरून जाणारा समुद्रकाठचा रस्ता थोड्या मोठ्या मुलांना झेपतो. तो फक्त आडवारी, आणि सकाळीच.

१६. खाड्यांवर नवे पूल होणार आहेत. मग हे रस्ते शांत राहतील का?

रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल मंजूर आहेत आणि काहींची कामं चालू आहेत. पूल झाला की प्रश्न २ मधलं गणित त्या खाडीपुरतं बदलेल. तिथल्या लोकांना हे पूल हवे आहेत, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्यासाठी बोटीची वाट बघणं काय असतं हे ठाऊक असलेला कोणीही त्यांना विरोध करणार नाही.

सायकलवाल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की मुख्य रस्ता सोडून वाड्यांचे आणि सड्यावरचे जुने रस्ते शोधावे लागतील. ते आहेत. हेदवी, कोळथरे, कशेळी, मोचेमाड अशा गावांत मुख्य रस्त्याखेरीज गाव जोडणारा एखादा अरुंद डांबरी रस्ता असतोच. नव्या पुलांच्या आराखड्यांत चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी कडेने जागा ठेवा, ही मागणी ग्रामपंचायती आणि सायकल मंडळांनी लावून धरायला हवी, आणि ती काम संपण्याच्या आत. बाणकोट ते जयगड हा टप्पा ज्यांच्या मनात आहे त्यांनी तो येत्या एक-दोन हिवाळ्यांत करून घ्यावा.